राजापूर लोकसभा मतदारसंघाचं नेमकं काय झालं? (नाव बदललं नाही, मतदारसंघच गेला)

प्रश्न थोडक्यात असा आहे की विचारणाऱ्याचं गाव देवगड तालुक्यातलं, आजोबा समाजवादी, तिथले खासदार मधु दंडवते यांच्या प्रचारात फिरलेले, ते कायम "आमचा राजापूर मतदारसंघ" म्हणायचे, आणि आता शोधायला गेलं तर राजापूर नावाचा लोकसभा मतदारसंघच सापडत नाही. मग रत्नागिरी-सिंधुदुर्ग म्हणजे तोच का, फक्त नाव बदललेला? रद्द का केला? आणि जुने आकडे नव्याशी जुळवायचे कसे?

माझी सगळी नोकरी कोकणात तहसीलच्या निवडणूक शाखेत गेली, मतदारसंघांची पुनर्रचना (हद्दी नव्याने आखणं) झाली तेव्हा मतदार याद्यांच्या कामात होतो, त्यामुळे या विषयावर जरा लांबलचक लिहितो, कारण यावर अर्धवट माहिती फार फिरते.

आधी सरळ उत्तर देतो. नाही, नाव बदललेलं नाही. २००८ ला राजापूर आणि रत्नागिरी हे दोन्ही लोकसभा मतदारसंघ मोडले आणि त्या दोन्हींचे तुकडे घेऊन रत्नागिरी-सिंधुदुर्ग असा नवीन एक केला. उरलेला तुकडा, म्हणजे दापोली आणि गुहागर, रायगडला जोडला. म्हणजे दोन खासदार जात होते तिथे सव्वा ते दीडच्या आसपास राहिला म्हणा. आजचं जे "राजापूर" यादीत दिसतं ते विधानसभा क्षेत्र आहे, क्रमांक २६७, त्याचा आणि लोकसभेच्या राजापूरचा घोळ करू नका, बरेच जण करतात.

आता मुळापासून. १९५२ च्या पहिल्या निवडणुकीत राजापूर नव्हतंच. तेव्हा रत्नागिरी उत्तर आणि रत्नागिरी दक्षिण असे दोन होते, उत्तरेतून आझाद हिंद सेनेचे जगन्नाथराव भोसले निवडून आले होते. राजापूर हे नाव आलं १९५७ ला. आता लोक विचारतात की मतदारसंघाचा बहुतेक भाग तर सावंतवाडी, वेंगुर्ला, मालवण, देवगड, कणकवली हा, म्हणजे आजचा सिंधुदुर्ग, मग नाव रत्नागिरी जिल्ह्यातल्या राजापूरचं कसं? त्याचं कारण साधं आहे, तेव्हा सिंधुदुर्ग जिल्हा नव्हता. मंडणगडपासून तेरेखोलच्या खाडीपर्यंत सगळा एकच रत्नागिरी जिल्हा. सिंधुदुर्ग झाला १ मे १९८१ ला. जिल्हा वेगळा झाला पण मतदारसंघाचं नाव तसंच राहिलं, कारण हद्दी गोठवलेल्या होत्या, त्याबद्दल पुढे सांगतो.

अजून एक गोष्ट, जी जुन्या लोकांना पक्की आठवते. जुन्या क्रमवारीत महाराष्ट्राची यादी दक्षिणेकडून सुरू व्हायची. लोकसभेचा क्रमांक १ म्हणजे राजापूर आणि विधानसभेचा क्रमांक १ म्हणजे सावंतवाडी. निकालाचं कुठलंही पुस्तक उघडा, महाराष्ट्राच्या पानावर पहिलं नाव राजापूर. २००८ नंतर क्रम उलटा झाला, नंदुरबार १ नंबर आणि रत्नागिरी-सिंधुदुर्ग ४६. सावंतवाडी १ वरून २७० वर गेली. हे कागदावरचं आहे असं वाटेल पण आमच्यासाठी प्रत्येक यादी, प्रत्येक पाकीट, प्रत्येक शिक्का बदलला. जुन्या मतदार ओळखपत्राचा नंबर एमटी अक्षरांनी सुरू व्हायचा आणि पुढे तिरक्या रेघा मारून मतदारसंघाचे आकडे असायचे, म्हातारी माणसं ते कार्ड प्लास्टिकमध्ये घालून जपून ठेवायची आणि नवीन यादीत भाग क्रमांक वेगळा आला की घाबरून ऑफिसात यायची, "माझं नाव काढलांत काय?" म्हणून. नाव काढलेलं नसायचं, फक्त भाग बदललेला असायचा, पण ते समजावताना अर्धा दिवस जायचा आणि तो द्यायलाच हवा होता.

आता या मतदारसंघाचं खरं वैशिष्ट्य. १९५७ ते २००४ मध्ये तेरा सार्वत्रिक निवडणुका झाल्या, आणि खासदार झाले फक्त चार. बॅरिस्टर नाथ पै तीनदा, प्रा. मधु दंडवते पाच वेळा, सुधीर सावंत एकदा, सुरेश प्रभू चार वेळा. यातले काँग्रेसचे फक्त सुधीर सावंत, १९९१ ला. म्हणजे ज्या महाराष्ट्रात काँग्रेस म्हणजे गावच्या सोसायटीपासून दिल्लीपर्यंत सगळं काही होतं त्या महाराष्ट्राच्या यादीतला पहिला मतदारसंघ काँग्रेसला पन्नास वर्षांत एकदाच मिळाला. हे पुन्हा एकदा वाचा, कारण कोकणाचं राजकारण म्हटलं की लोकांना फक्त गेल्या वीस-पंचवीस वर्षांतली भांडणं आठवतात आणि हा सगळा इतिहास बाजूला पडतो, याचं मला खरंच वाईट वाटतं.

नाथ पै वेंगुर्ल्याचे, जन्म १९२२ चा, शिक्षण बेळगावला, ४२ च्या चळवळीत तुरुंगवास, मग इंग्लंडला जाऊन बॅरिस्टर. १९५७ ला संयुक्त महाराष्ट्राची लाट होती आणि ते प्रजा समाजवादी पक्षाचे उमेदवार होते, चिन्ह झोपडी. तेव्हाचं मतदान आजच्यासारखं नव्हतं. १९५२ आणि ५७ ला प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी असायची, पेटीवर चिन्ह चिकटवलेलं, आणि मतदाराने कोरी मतपत्रिका आपल्याला हव्या त्या पेटीत टाकायची, शिक्का वगैरे काही नाही. शिक्का मारायची पद्धत ६२ पासून आली. म्हणजे पहिल्यांदा नाथ पैंना निवडून दिलं त्या बायकांनी आडोशामागे जाऊन झोपडीचं चित्र असलेली पेटी हाताने शोधून त्यात कागद टाकलाय. आमच्या शाखेतले जुने अव्वल कारकून सांगायचे की त्या पेट्या खाडीपलीकडे न्यायच्या म्हणजे तरीतून, आणि जेवढे उमेदवार तेवढ्या पेट्या प्रत्येक केंद्रावर, उतरवायला गडी कमी पडायचे.

नाथ पैंच्या संसदेतल्या भाषणांबद्दल खूप लिहिलं गेलंय, ते मी परत सांगत नाही. पण एक काम सांगायलाच हवं. १९६७ ला गोलकनाथ खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की मूलभूत हक्कांना हात लावायचा अधिकार संसदेला नाही. त्यावर नाथ पैंनी खाजगी विधेयक आणलं की घटनादुरुस्तीचा अधिकार संसदेकडे असला पाहिजे. विरोधी बाकावरच्या एका खासदाराचं खाजगी विधेयक आणि त्यावर संयुक्त समिती बसली, देशभर वाद झाला, समाजवाद्यांमध्येसुद्धा मतभेद झाले. विधेयक पास होण्याआधी लोकसभा विसर्जित झाली, पण १९७१ ची २४ वी घटनादुरुस्ती त्याच वाटेने गेली. गोवा मुक्तीचा प्रश्न तर त्यांच्या दारातलाच होता, मतदारसंघाची दक्षिण हद्द म्हणजेच पोर्तुगीज गोव्याची हद्द. १९५५ च्या सत्याग्रहात लोक बांद्यावरूनच पत्रादेवीला गेले, आणि त्यानंतर दोनच वर्षांनी ही निवडणूक झाली, म्हणजे ज्या गावांनी सत्याग्रहींना जेवण घातलं त्याच गावांनी मत दिलं.

इथे तारखांचा एक मुद्दा, कारण यात चूक होते. नाथ पै गेले १८ जानेवारी १९७१ ला, बेळगावला, सीमाभागातल्या हुतात्मा दिनाच्या कार्यक्रमाला गेले होते, वय फक्त ४८. पण लोकसभा त्याआधीच २७ डिसेंबर १९७० ला विसर्जित झाली होती. म्हणून राजापूरला पोटनिवडणूक झालीच नाही. दंडवते मार्च १९७१ च्या मध्यावधी सार्वत्रिक निवडणुकीत उभे राहिले आणि आले. आजोबांच्या आठवणी लिहिताना "पोटनिवडणूक" लिहू नका.

आणि ती निवडणूक म्हणजे इंदिरा लाट. देशभर प्रजा समाजवादी पक्षाचे फक्त दोन खासदार आले, एक बंगालमधल्या कांथीचे समर गुहा आणि दुसरे राजापूरचे मधु दंडवते. मूळचे नगरचे, मुंबईत सिद्धार्थ कॉलेजात फिजिक्स शिकवणारे प्राध्यापक, मालवणी त्यांची बोली नव्हे, आणि तरी नाथ पैंच्या जागी लोकांनी त्यांना घेतलं. मला वाटतं यात गावोगावच्या राष्ट्र सेवा दलाच्या माणसांचा वाटा मोठा, शाळामास्तर, खादीवाले, पोस्टमास्तर, तुमच्या आजोबांसारखे, ज्यांच्याकडे गाडी नव्हती पण वाडीवाडीत ओळख होती. शिवाय मुंबईतून येणारं पत्र. कोकणातलं घर मनीऑर्डरवर चालायचं आणि मनीऑर्डरच्या कुपनावर दोन ओळी लिहायची सोय असायची. गिरणगावातला चाकरमानी कुणाच्या बाजूचा आहे ते गावातल्या घराला कळायचंच, आणि गावात मतदार म्हणून उरलेल्या जास्त करून बायका. हे आजही आकड्यात दिसतं, २००१ च्या जनगणनेत हजार पुरुषांमागे रत्नागिरीत ११३६ बायका आणि सिंधुदुर्गात १०७९.

पुढचं तुम्हाला बहुतेक माहीत असेल. आणीबाणीत दंडवते बंगळूरच्या तुरुंगात, पत्नी प्रमिलाताई येरवड्याला. ७७ ला निवडून आले आणि मोरारजींच्या सरकारात रेल्वेमंत्री. आज आपण स्लीपरच्या गादीवर झोपून जातो ती लाकडी बाकांवर आणली ती दंडवत्यांनी, आणि ७४ च्या संपात काढलेल्या रेल्वे कामगारांना परत घेतलं तेही त्यांनीच. १९८४ ला इंदिराजींच्या हत्येनंतरची लाट, महाराष्ट्रात ४८ पैकी ४३ काँग्रेसकडे, बाहेर राहिलेल्या पाचांमध्ये राजापूर होतं. ७१ आणि ८४ या दोन्ही लाटांत राजापूर कोरडं राहिलं.

चिन्हाचं बघा. ७१ ला झोपडी, ७७ ला नांगरधारी शेतकरी, ८९ ला चक्र. पक्ष फुटले, जुळले, परत फुटले, चिन्हं बदलली, आणि मतदार माणसामागे गेला. आज ज्यांना वाटतं की चिन्ह गेलं की सगळं गेलं त्यांनी राजापूरचे निकाल जरूर काढून बघावेत.

मग १९९१ ला दंडवते पडले कसे? त्याआधीच ते व्ही. पी. सिंग सरकारात अर्थमंत्री होते, रेल्वेमंत्री जॉर्ज फर्नांडिस, आणि याच दोघांच्या काळात १९९० ला कोकण रेल्वे महामंडळ झालं, श्रीधरन प्रमुख झाले. म्हणजे ज्या कामासाठी आयुष्यभर बोलले ते सुरू झालं आणि पुढच्याच निवडणुकीत हरले. माझं मत असं की रेल्वेचा यात संबंध नाही. तोपर्यंत शिवसेना मुंबईतून कोकणात उतरली होती, १९९० च्या विधानसभेत मालवणातून नारायण राणे आमदार झाले होते, आणि जी मतं वर्षानुवर्षं काँग्रेसविरोधी म्हणून एका जागी पडत होती ती आता एका जागी राहिली नाहीत. चाकरमान्याचं पत्र तेच राहिलं, फक्त लिहिणाऱ्याच्या चाळीत लाल झेंड्याऐवजी किंवा सेवा दलाऐवजी शिवसेनेची शाखा आली. १९९६ ला हेच मत सरळ शिवसेनेच्या सुरेश प्रभूंकडे गेलं आणि पुढच्या तिन्ही वेळा तिकडेच राहिलं. प्रभू सीए, बँकेतले माणूस, वाजपेयी सरकारात पर्यावरण, मग ऊर्जा खातं. म्हणजे पक्ष बदलला तरी शिकलेला, अभ्यास करून बोलणारा खासदार पाठवायची सवय या मतदारसंघाने सोडली नाही असं मी म्हणेन. पुढे २०१४ ला प्रभू रेल्वेमंत्री झाले, पण तोवर राजापूर राहिलं नव्हतं आणि ते राज्यसभेतून गेले.

आता मुख्य प्रश्न, रद्द का झाला. याच्यामागे अमुक नेत्याला पाडायला केला, तमक्याला सोय म्हणून केला असं खूप ऐकायला मिळतं. मी कागद हाताळलेत, हे निव्वळ भागाकाराचं काम आहे.

१९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने लोकसभेच्या जागा १९७१ च्या जनगणनेवर गोठवल्या. म्हणून तीस वर्षं कुणी हद्दीला हात लावला नाही. दरम्यान कोकण रिकामं होत राहिलं. २००१ ला ८४ वी दुरुस्ती झाली, राज्याच्या एकूण जागा २०२६ पर्यंत तेवढ्याच ठेवायच्या पण राज्याच्या आत हद्दी नव्याने आखायच्या, आणि ८७ व्या दुरुस्तीने त्यासाठी २००१ ची जनगणना धरायची ठरलं. न्यायमूर्ती कुलदीप सिंग पुनर्रचना आयोगाचे अध्यक्ष.

आता गणित बघा. महाराष्ट्राची २००१ ची लोकसंख्या ९ कोटी ६८ लाख ७८ हजार. भागिले २८८, म्हणजे एका आमदारामागे साधारण ३ लाख ३६ हजार. रत्नागिरी जिल्हा १६ लाख ९७ हजार, भाग दिला की ५.०४, म्हणजे पाच आमदार. सिंधुदुर्ग ८ लाख ६९ हजार, २.५८, म्हणजे तीन. एकूण आठ. जुन्या राजापूर आणि रत्नागिरी या दोन लोकसभा मतदारसंघांत मिळून बारा विधानसभा क्षेत्रं होती. महाराष्ट्रात सहा आमदारांमागे एक खासदार हा नियम पाळलेला आहे, मग आठमधून सहा काढले की एक खासदार झाला, राहिले दोन. हे दोन कुठे जोडणार? पूर्वेला सह्याद्री, घाट ओलांडून कोल्हापूर-साताऱ्याला जोडणं सोयीचं नाही, दक्षिणेला गोवा म्हणजे दुसरं राज्य, पश्चिमेला समुद्र. उत्तरेलाच जागा होती, म्हणून दापोली आणि गुहागर रायगडात. याच्यात कुणाची चाल शोधायची गरजच नाही.

आणि कमी झालेल्या जागा गेल्या कुठे ते पण बघा. ठाणे जिल्हा, तेव्हा पालघर त्यातच, २००१ ला ८१ लाखांच्या वर. भाग दिला की २४. आधी त्या जिल्ह्याला १३ आमदार होते, झाले २४. खासदार ठाणे आणि डहाणू असे दोन होते, ते ठाणे, कल्याण, भिवंडी, पालघर असे चार झाले. आता डोंबिवली, कळवा, दिवा, नालासोपारा इथे राहतात कोण? आपलीच माणसं. राजापूरचा खासदार दिल्लीने काढून नेला नाही, आपल्याच पोरांच्या मागे तो कल्याण-ठाण्याला गेला. मला हे सांगताना बरं वाटत नाही पण आकडा तसा आहे.

विधानसभेचीसुद्धा तीच गत. मालवण, देवगड, वेंगुर्ला ही आमदारकीची नावं गेली. तुमचं देवगड आता कणकवलीत (२६८), मालवण कुडाळमध्ये (२६९), वेंगुर्ला सावंतवाडीत. वरती खेड आणि संगमेश्वर ही नावं गेली. संगमेश्वर तालुका तर असा वाटला गेला की शेजारशेजारच्या गावांचे आमदार वेगळे.

आयोगाचे आदेश १९ फेब्रुवारी २००८ ला लागू झाले आणि २००९ ची लोकसभा नव्या हद्दीत झाली. रत्नागिरीचे खासदार अनंत गीते रायगडला गेले आणि तिथे अंतुलेंना हरवून जिंकले. प्रभू नव्या रत्नागिरी-सिंधुदुर्गातून उभे राहिले आणि काँग्रेसच्या निलेश राणेंकडून (नारायण राणेंचे चिरंजीव) हरले. इथे लोक पटकन म्हणतात की बघा, हद्द बदलली म्हणून प्रभू पडले. अर्धं खरं असेल, कारण चिपळूणकडचा मतदार त्यांच्यासाठी नवीन होता. पण २००५ ला नारायण राणे शिवसेना सोडून काँग्रेसमध्ये गेले होते, आणि सिंधुदुर्गातली संघटना बऱ्यापैकी त्यांच्याबरोबर गेली होती. जुनं राजापूर जसंच्या तसं राहिलं असतं तरी २००९ ची लढत प्रभूंना जड गेली असती असं माझं मत आहे. नंतर २०१४ आणि १९ ला विनायक राऊत आणि २०२४ ला नारायण राणे भाजपकडून, हे ताजंच आहे.

पुढचं एक सांगतो, कारण हे थांबलेलं नाही. २०११ च्या जनगणनेत दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या चक्क घटली. रत्नागिरी १६ लाख १५ हजार, सिंधुदुर्ग ८ लाख ५० हजार. तेव्हाच्या राज्याच्या सरासरीने, २८८ च जागा धरून, भाग देऊन बघा. रत्नागिरीला चार, सिंधुदुर्गाला दोन. म्हणजे दोन जिल्हे मिळून सहा आमदार आणि बरोब्बर एक खासदार. पुढची पुनर्रचना नव्या जनगणनेवर होईल, जागा वाढवल्या तर आकडा बदलेल, पण वाटा कमीच होणार. आपल्याकडे ज्यांना याची काळजी आहे त्यांनी आत्तापासून गावातल्या नावांकडे लक्ष द्यावं. जनगणनेच्या वेळी माणूस जिथे राहतो तिथे मोजला जातो, गणपतीला येतो तिथे नाही.

शेवटचा प्रश्न, जुने-नवे आकडे कसे जुळवायचे. राजापूर २००४ आणि रत्नागिरी-सिंधुदुर्ग २००९ ची बेरीज-वजाबाकी थेट करू नका, ते चुकीचं होईल, मतदारच वेगळे आहेत. तालुका हे एकक धरा. निकालाचा नमुना २० मिळतो, त्यात केंद्रवार मतं असतात. तुमच्या देवगड तालुक्यातल्या केंद्रांची बेरीज २००४ च्या नमुन्यातून काढा, मग २००९ च्या कणकवली क्षेत्रातल्या फक्त देवगडच्या केंद्रांची काढा, ती तुलना खरी. केंद्र क्रमांकावर जाऊ नका, ते सगळे बदललेत, गाव आणि शाळेच्या नावाने जुळवा. एकाच शाळेत दोन खोल्यांत दोन केंद्रं असतील तर दोन्ही घ्या. ७७ च्या अहवालात दंडवत्यांसमोर भारतीय लोकदल दिसेल, गोंधळू नका, जनता पक्षाने ती निवडणूक लोकदलाच्या चिन्हावर लढवली होती म्हणून आयोगाच्या पुस्तकात तसं छापलंय. आणि १९८१ च्या आधीचं काही शोधायचं असेल तर सिंधुदुर्गच्या नावाने मागू नका, रत्नागिरी जिल्हा म्हणूनच मागा, नाहीतर रेकॉर्ड रूमवाला नाही म्हणून परत पाठवेल.